बाळाचें पहिलें न्हाणें

वाशिमच्या पद्मतीर्थाविषयीं एक जुनी आख्यायिका आहे. वासुकि नांवाचा राजा त्या कुंडांत न्हाला आणि त्याचें कुष्ठ गेलें, असें सांगतात. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेली ही वत्सगुल्म नगरी. पाण्यावरची तिची श्रद्धा जुनीच आहे. परंतु ज्या स्नानावर घरोघर खरोखरीच एक जीव अवलंबून असे, तें कुंडावर नव्हे, तर घरामागच्या न्हाणींत होई. तें नुकत्याच जन्मलेल्या बालकाचें स्नान होय.

वऱ्हाडांत हें काम सुइणीकडे किंवा घरांतील वडील बाईकडे असे. पाटावर बसून ती पाय लांब पसरी, बाळास पोटऱ्यांवर निजवी, अंगास तेल चोळी, डाळीचें पीठ व साय लावी आणि तांब्यानें हलकेंच ऊन पाणी सोडी. मग जुन्या लुगड्याच्या फडक्यांत बाळ गुंडाळून शेगडीवर ओवा-वेखंडाची धुरी देई. या रीतींत शहाणपण पुष्कळ होतें. दोन पायांच्या खोबणींतून मूल निसटत नसे. पाणी तिच्याही पायांवर पडे, म्हणून तें कढत असल्यास चटका तिलाही बसे. आणि धुवून धुवून विरलेल्या लुगड्याइतकें मऊ वस्त्र दुसरें कोणतें? दोषही होते. नाकांत तेल सोडणें वाईट, कारण तें फुप्फुसांत उतरतें. धुरानें खोली कोंदविणें वाईट. पण सर्वांत घातक गोष्ट निराळीच होती. विटाळ धुवून काढावयाचा म्हणून मूल जन्मतांच त्यास न्हाऊ घालीत. मग तें पौषांतल्या पहाटे जन्मलेलें असो, कीं दिवस भरण्यापूर्वीं.

शास्त्रकारांनींही जन्मानंतर लवकरच स्नान सांगितलें आहे. सुश्रुताच्या शारीरस्थानांतील दहाव्या अध्यायाप्रमाणें बालकाच्या अंगावरचा चिकट लेप सैंधव व तूप यांनीं काढावा, टाळूवर तुपांत भिजविलेला कापूस ठेवावा, बलातेल चोळावें आणि क्षीरवृक्षांच्या सालींचा काढा, तापलेलें सोनेंरुपें विझविलेलें पाणी किंवा कवठाच्या पानांचा काढा यांपैकीं एकानें, तोही कोमट करून, स्नान घालावें. काळ, दोष आणि ऐपत पाहून निवड करावी, असेंही तेथें म्हटलें आहे. सोन्याच्या पाण्याशेजारीं कवठाचा पाला ठेवणाऱ्या त्या वैद्यास गरिबाचें घर ठाऊक असावें.

या जुन्या प्रसूतिविद्येचा अभ्यास पुढें एका मराठी स्त्रीनें सातासमुद्रापलीकडे मांडला. आनंदीबाई जोशी यांस चौदाव्या वर्षीं पुत्र झाला आणि बारशाचा दिवस उजाडण्यापूर्वींच, अवघ्या दहा दिवसांत, तो गेला. १८८६ सालीं फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयांत त्यांनीं पदवी घेतली. प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं त्याही गेल्या. वयास बावीस वर्षें पुरीं झालीं नव्हतीं.

आज वैद्यक सांगतें तें असें. गर्भाशयाच्या उबेंतून मूल ओलेंच बाहेर येतें, आणि अंगावरचें पाणी वाळतांना ऊब घेऊन जातें. वजनाच्या मानानें त्याची कातडी मोठी व कातडीखालची चरबी थोडी. त्यामुळें तें मोठ्या माणसापेक्षां फार लवकर गारठतें. म्हणून प्रथम कोरडें पुसावें, आईच्या उघड्या छातीशीं धरावें, डोकें झांकावें. जो पांढरा लेप घांसून काढीत, तो कातडीचें रक्षण करितो. तो राहूं द्यावा. जागतिक आरोग्य संघटना पहिलें स्नान निदान २४ तास लांबवावयास सांगते. दोन किलोहून हलक्या बाळास त्याहूनही अधिक थांबावें लागतें.

वाशिम विदर्भाच्या पश्चिमेस. या ज्ञानाची गांवपातळीवरील मोठी कसोटी विदर्भाच्याच पूर्व टोकास, गडचिरोलींत झाली. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं ३९ गांवांतील स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकविलें. बाळाचें वजन घेणें, त्यास उबदार ठेवणें, जंतुदोष ओळखून औषध देणें हीं कामें त्या बाळाच्या घरींच करूं लागल्या. १९९९ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें निष्कर्ष प्रसिद्ध झाला: तिसऱ्या वर्षीं नवजात बालकांचें मृत्युप्रमाण, तुलनेच्या गांवांशीं ताडून पाहतां, ६२ टक्क्यांनीं घटलें होतें. हें यश एकट्या उबेचें नव्हे. औषधांचा वांटा मोठा होता.

२०११ पासून भारत सरकारनें अशी गृहभेटींची योजना ‘आशा’ स्वयंसेविकांकडे सोंपविली. अकोल्यापासून १९९८ सालीं वेगळ्या झालेल्या वाशिम जिल्ह्यांत, रिसोड-मानोऱ्याच्या खेड्यांतही, आतां ही ‘आशा’ बाळंतिणीच्या दारीं येते. रुग्णालयांत जन्मलेल्या बाळाकडे तिच्या सहा भेटी ठरलेल्या आहेत. घरीं जन्मलेल्याकडे पहिल्याच दिवसाची एक भेट अधिक. न्हाणींतलें घंगाळ अजून तेंच असतें, आजीही तेथेंच असते. ‘आशा’ बाळाच्या पोटास हात लावते, मग तळव्यांस. पोट ऊन पण तळवे गार लागले, तर त्या दिवशीं पाणी तापवूं नका, बाळास आईच्या कुशींत द्या, असें ती आजीस सांगते.