अलार्म फोनची कुळकथा

भूमध्य समुद्रात संकटात सापडलेल्या स्थलांतरितांच्या होड्यांसाठी चोवीस तास चालणारा दूरध्वनी क्रमांक म्हणजे ‘अलार्म फोन’. तो ११ ऑक्टोबर २०१४ रोजी सुरू झाला. तो चालवणाऱ्या स्वयंसेवकांकडे स्वतःचे जहाज नाही की विमान नाही. होडीवरची माहिती घ्यायची, ती तटरक्षक दलांच्या कानावर घालायची आणि मदत पोचेपर्यंत त्यांचा पिच्छा सोडायचा नाही, एवढेच त्यांचे काम. सरकारी बचाव केंद्रे असताना असा क्रमांक का लागला, याचे उत्तर समुद्रावर आखलेल्या रेषांच्या इतिहासात आहे.

बुडत्याला वाचवण्याचा दर्यावर्दींचा रिवाज जुनाच. १९१० च्या ब्रुसेल्स कराराने त्याला आंतरराष्ट्रीय कायद्याचे रूप दिले. आपले जहाज, खलाशी आणि उतारू यांना गंभीर धोका नसेल, तर समुद्रात जीव धोक्यात असलेल्या कोणालाही, अगदी शत्रूलाही, मदत करणे कप्तानावर बंधनकारक झाले. हे कर्तव्य जो जवळ असेल त्याचे होते. पण जवळ कोण आहे हे शोधून त्याला तिकडे वळवणार कोण? त्याची व्यवस्था २७ एप्रिल १९७९ रोजी हॅम्बुर्ग येथे झालेल्या शोध व बचाव कराराने लावली. हा करार १९८५ मध्ये अमलात आला. समुद्राची बचाव क्षेत्रांमध्ये वाटणी झाली आणि प्रत्येक क्षेत्राची जबाबदारी एकेका किनारी देशाच्या समन्वय केंद्राकडे आली. भारताच्या वाट्याच्या क्षेत्रासाठी अशी केंद्रे मुंबई, चेन्नई आणि पोर्ट ब्लेअर येथे आहेत.

बचाव क्षेत्र आणि देशाची सागरी हद्द या वेगळ्या गोष्टी. क्षेत्रावर मालकी येत नाही, येते ती फक्त जबाबदारी. ३१६ चौरस किलोमीटरच्या माल्टाकडे सुमारे अडीच लाख चौरस किलोमीटर समुद्र आहे आणि इटलीचे लाम्पेदुसा बेटही त्या क्षेत्राच्या आतच पडते. शिवाय हॅम्बुर्ग करारात वाचवायचे कोणी हे होते. वाचवलेल्यांना उतरवायचे कुठे, हे स्पष्ट नव्हते. ऑगस्ट २००१ मध्ये ‘टाम्पा’ या नॉर्वेच्या मालवाहू जहाजाने हिंदी महासागरात बुडत्या होडीवरचे ४३३ जण वर घेतले आणि ऑस्ट्रेलियाने त्यांना उतरू देण्यास नकार दिला, तेव्हा ही उणीव जगासमोर आली. २००४ मध्ये करारात दुरुस्ती झाली: ज्याचे क्षेत्र, त्यानेच सुरक्षित जागा मिळवून देण्याची प्रमुख जबाबदारी घ्यावी. माल्टाने ती मान्य केली नाही. त्यामुळे मध्य भूमध्य समुद्रात इटलीने माल्टाच्या क्षेत्राकडे बोट दाखवायचे आणि माल्टाने लाम्पेदुसा जवळ असल्याकडे, असा पेच कायम राहिला.

त्याच सुमारास दूरध्वनीची एक वेगळीच वाट तयार होत होती. मुसी झेराई हे इटलीत राहणारे एरिट्रियाचे कॅथलिक धर्मगुरू. लिबियात कोंडलेल्या स्थलांतरितांशी ते फोनवर बोलत असत. त्यांचा क्रमांक तोंडोतोंडी पसरला, तिथल्या एका कोठडीच्या भिंतीवर कोरलाही गेला. होड्यांवरून उपग्रह फोन थेट त्यांनाच येऊ लागले आणि ते रोमच्या बचाव केंद्राला कळवू लागले.

मार्च २०११ च्या अखेरीस त्रिपोलीहून ७२ जणांना घेऊन निघालेल्या रबरी बोटीवरून त्यांना असाच फोन आला. उपग्रह कंपनीकडून बोटीचे ठिकाण मिळाले. रोमने आसपासच्या जहाजांना संकटसंदेश धाडला आणि पुढचे दहा दिवस दर चार तासांनी तो पुन्हा पुन्हा प्रसारित केला. लिबियातील युद्धामुळे त्या समुद्रात नाटोची जहाजे गस्त घालत होती. एका हेलिकॉप्टरने पाणी आणि बिस्किटे टाकली. पण न्यायला कोणी आले नाही. चौदा दिवस भरकटून बोट पुन्हा लिबियाच्याच किनाऱ्याला लागली. ७२ पैकी नऊ जण जगले. चार्ल्स हेलर आणि लोरेन्झो पेझानी या संशोधकांनी वारे, प्रवाह आणि उपग्रहचित्रे यांवरून बोटीचा मार्ग पुन्हा मांडून दाखवला. समुद्रातील अशा घटना नकाशावर नोंदवणारा ‘वॉच द मेड’ हा उपक्रम याच कामाच्या पाठोपाठ उभा राहिला.

११ ऑक्टोबर २०१३ रोजी, चारशेहून अधिक लोक असलेली आणि बहुतांशी सीरियन कुटुंबांची एक होडी लाम्पेदुसाच्या दक्षिणेला ६१ सागरी मैलांवर पाण्याने भरू लागली. होडीवरील एका डॉक्टरने रोमला वारंवार फोन केले. ठिकाण माल्टाच्या क्षेत्रात पडत असल्याने माल्टाला फोन करा, असे त्याला सांगण्यात आले. तिथून माल्टा ११८ सागरी मैल होते. इटलीच्या नौदलाची युद्धनौका सुमारे तासाभराच्या अंतरावर होती. ही टोलवाटोलवी चालू असताना संध्याकाळी पाचच्या सुमारास होडी उलटली. दोनशेहून अधिक माणसे बुडाली. त्यांत ६० मुले होती.

बरोबर एका वर्षाने, त्याच तारखेला, अलार्म फोन सुरू झाला. ‘वॉच द मेड’ आणि युरोप व उत्तर आफ्रिकेतील कार्यकर्ते यांनी मिळून तो उभा केला. त्याचे स्वयंसेवक ट्यूनिस, तांजिएर, पालेर्मो, मार्सेय, बर्लिन अशा शहरांत विखुरलेले असून पाळ्या वाटून घेतात.

फोन उचलल्यावर पहिला प्रश्न अक्षांश-रेखांशांचा असतो, कारण लाईन कधीही तुटू शकते. हे आकडे ऐकण्यात मोठी मेख आहे. होडीवरचा माणूस ‘तेहेतीस पॉइंट पन्नास’ म्हणतो. हे दशांश अंश असतील तर जागा ३३ अंश ३० मिनिटे. पण पन्नास ही मिनिटे समजली तर ३३ अंश ५० मिनिटे. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, म्हणजे १.८५२ किलोमीटर. एवढ्या गैरसमजाने शोध ३७ किलोमीटर भलतीकडे जातो. म्हणून आकडा एकेक करून वाचून घेतला जातो. मग माणसे किती, लहान मुले किती, इंजिन चालू आहे का, पाणी आत येते का, हे प्रश्न. उपग्रह फोनमधले पैसे संपत आले तर स्वयंसेवक दूरवरून रिचार्ज करतात. शिल्लक रक्कम कमी होत असेल तर फोन वापरात आहे, होडी अजून तरंगते आहे, हेही त्यावरून कळते. सारी माहिती केंद्रांना फोनवर आणि लेखी अशी दोन्ही प्रकारे जाते. ठरावीक वेळात हालचाल दिसली नाही तर ती जाहीर केली जाते, म्हणजे ‘आम्हाला कळलेच नव्हते’ असे नंतर कोणाला म्हणता येत नाही.

पुढे रेषाही बदलल्या. जून २०१८ मध्ये लिबियाचे बचाव क्षेत्र आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेकडे नोंदले गेले आणि अनेक होड्यांची जबाबदारी त्या देशाच्या तटरक्षक दलाकडे गेली, जिथून त्या पळून निघाल्या होत्या. जानेवारी २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने २०१३ च्या दुर्घटनेबाबतचा निर्णय जाहीर केला: होडी दुसऱ्या देशाच्या क्षेत्रात असली, तरी जिने फोन घेतला त्या इटलीने वेळेवर पावले उचलली नाहीत आणि जगण्याच्या हक्काचे रक्षण केले नाही. माल्टाविरुद्धची तक्रार मात्र, तिथले देशांतर्गत कायदेशीर मार्ग आधी वापरले नव्हते म्हणून, दाखल होऊ शकली नाही.

अलार्म फोनची कल्पना जमिनीवरही रुजली. २०१७ पासून नायजरमध्ये ‘अलार्म फोन सहारा’ काम करू लागला. वाळवंटात वाट चुकलेल्या आणि गाडीतून टाकून दिलेल्या प्रवाशांपर्यंत मदत पोचावी, यासाठी तो आहे. हॅम्बुर्गचा करार वाळूवर लागू होत नाही. तिथे एखाद्या देशाच्या बचाव केंद्राला त्याचे क्षेत्र दाखवून जाबही विचारता येत नाही.