हजेरीपटाबाहेरची जागल

प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्य दिनाच्या तोंडावर केंद्र सरकारच्या पदकांची यादी निघते. शौर्य पदके, पोलिस पदके, अग्निशमन सेवेची पदके, आणि त्यांच्या मागे गृहरक्षक दल व नागरी संरक्षणाची. वर्तमानपत्रे ही शेवटची नावे दोन ओळींत उरकतात. आमच्या घरी मात्र ती आधी शोधली जायची, कारण माझे लातूरचे काका, नाना, गृहरक्षक दलात, म्हणजे होमगार्ड, होते. ओळखीचे नाव दिसले की ते पेन्सिलीने खूण करायचे आणि म्हणायचे, "याच्या अंगावर पंचवीस वर्षांची खाकी असंल."

एका धाडसाला पदक मिळावे हे कुणालाही पटते. वर्षानुवर्षे, पगाराची नोकरी नसताना, बोलावले की हजर राहिल्याबद्दलही सन्मान असावा, ही समज देशोदेशी उशिराच आली. ब्रिटनने 1961 साली नागरी संरक्षणातल्या सलग 15 वर्षांच्या सेवेसाठी पदक काढले. 1968 मध्ये त्यांनी ते नागरी संरक्षण दलच मोडीत काढले, आणि त्याच वर्षी आपल्याकडे नागरी संरक्षण कायदा झाला. चीन आणि पाकिस्तानशी झालेली युद्धे ताजी होती. त्यामुळे कायद्याच्या नजरेसमोर शत्रूचा हल्लाच होता: भोंगे, काळोख, खंदक, बॉम्बने लागलेली आग.

होमगार्ड त्याहून जुने. 6 डिसेंबर 1946 रोजी, दंगलींच्या दिवसांत, मोरारजी देसाईंनी मुंबईत हे दल उभे केले. 'निष्काम सेवा' हे त्याचे ब्रीद. पण तेव्हा नांदेड-लातूर निजामाच्या राज्यात होते. मुंबईत नागरिकांना गणवेश मिळत होता, त्या काळात आमच्याकडे राज्यकर्त्याच्या आशीर्वादाने रझाकार गावे लुटत होते, आणि गाव राखायचे ते गावानेच.

आजीचे माहेर कंधारकडचे. तिच्या बोलण्यात 1948 चा उन्हाळा यायचा तो तारखांनी नव्हे, कामांनी. दिवसभर बाया ओढ्यातून मुठीएवढे गोटे वेचून आणायच्या आणि टोपल्याने माळवदावर चढवायच्या. चुलीजवळ तिखटाची पूड वेगळी काढून ठेवलेली. रात्री पुरुष गोफणी घेऊन वेशीकडच्या माळवदांवर, बाया आणि पोरे पाटलाच्या वाड्यात. दोन माळवदांमध्ये फळी टाकलेली, म्हणजे खाली न उतरता या घरावरून त्या घरावर जाता यावे. जागलीच्या पाळ्या ठरलेल्या. आजी तेव्हा नुकती वयात आलेली पोर. रात्री पाण्याची घागर घेऊन त्या फळीवरून ती पलीकडे जायची. "खाली बघायचं नाही, यवढंच सांगितलं व्हतं मायनं." त्याच तालुक्यात कल्हाळीच्या गढीत लोक लढले, मेले. आजीच्या गावावर हल्ला झाला नाही. म्हणून त्या गावाचे नाव कुठल्या पुस्तकात नाही. आणि मला वाटते, हल्ला झाला नाही तो त्या जागलीमुळेच.

याच नांदेड जिल्ह्यातली उमरीच्या बँकेची हकिगत सगळ्यांना ठाऊक आहे. 30 जानेवारी 1948 रोजी निजामाविरुद्ध लढणाऱ्या, उमरखेडच्या कॅम्पातल्या तरुणांनी ती बँक लुटली, आणि त्या पैशाचा हिशेब चोख राहिला याचा आमच्या भागाला आजही अभिमान आहे. पैशाचा हिशेब राहिला. रात्रींचा कोण ठेवणार? 1972 मध्ये, स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवात, ताम्रपट आणि पेन्शन आले तेव्हा तुरुंगवासाचा किंवा भूमिगत असल्याचा पुरावा लागायचा. कॅम्पातल्या सैनिकाला तो मिळवता आला. माळवदावर जागणाऱ्याला कोण दाखला देणार? आजीला विचारले तर म्हणायची, "काय कागद अन् काय सही! रातभर जागलाव, सकाळी रानात गेलाव."

नानांचे सगळे कागदावर होते. दर आठवड्याची कवायत, हजेरीपट, तीन वर्षांनी पुनर्नोंदणी. ड्युटी लागली तर त्या दिवसाचा भत्ता, एरवी काही नाही. पोट शिवणकामावर. गणपतीत आणि निवडणुकीत बंदोबस्त, महाशिवरात्रीला लातुरात सिद्धेश्वराची जत्रा, कधी माळेगावला खंडोबाच्या यात्रेत गर्दीला दोर धरून उभे राहणे. ऐन सणात गिऱ्हाइकांचे कपडे अडून राहायचे. काकू रागवायची आणि स्वतःच काजे-बटणे पुरी करून द्यायची. नानांच्या सेवेत तिचा वाटा निम्मा तरी होता, हे मी ठामपणे म्हणतो.

29 सप्टेंबर 1993 ला अनंत चतुर्दशी होती. विसर्जनाचा बंदोबस्त उरकून नाना उशिरा घरी आले. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. नाना सकाळी औशामार्गे किल्लारीकडे निघाले. तिथे पोचेपर्यंत शेजारच्या गावांतले लोक हाताने दगड उपसत होते. दगड-मातीच्या जाडजूड भिंती, वर लाकडी सरे आणि त्यावर माती. माळवद गळू नये म्हणून पावसाळ्याआधी वर पांढरी माती टाकायची, ही पिढ्यान् पिढ्यांची रीत. दर वर्षी थर वाढायचा, ओझे वाढायचे. ज्या माळवदाने रझाकारांच्या काळात गाव राखले, तेच इथे झोपलेल्या माणसांवर आले. जवळपास आठ हजार माणसे गेली. नाना सांगायचे, पहारीपेक्षा शांततेची गरज जास्त होती. ते शिट्टी मारायचे, सगळे हात थांबवायचे, आणि मग ढिगाऱ्याला कान लावायचा. आवाज आला तर तिथे खणायचे. दुपारनंतर आवाज कमी होत गेले. नंतर पाऊस आला, बघ्यांच्या गाड्यांनी रस्ते तुंबले, आणि नानांच्या वाट्याला रस्ता मोकळा ठेवण्याचे काम आले. त्याबद्दल ते फारसे बोलत नसत.

कायद्याच्या पुस्तकाप्रमाणे हे नागरी संरक्षण नव्हतेच. भूकंप हा शत्रूचा हल्ला नव्हे. 1968 च्या कायद्यात आपत्ती व्यवस्थापन आले ते 2009 च्या दुरुस्तीने, आणि ती अमलात आली 2010 मध्ये. किल्लारीनंतर सोळा वर्षांनी कायदा तिथे पोचला, जिथे ती शेजारची माणसे उजाडायच्या आत पोचली होती. मे 2025 मध्ये देशभर नागरी संरक्षणाची मॉक ड्रिल झाली. महाराष्ट्रातल्या 16 ठिकाणांत मुंबई, पुणे, नाशिक, मनमाड, औरंगाबाद होते, नांदेड-लातूर नव्हते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यात हसनाळला रात्रीत पाणी शिरले आणि माणसे बुडाली.

नानांना पदक मिळाले नाही. प्रस्ताव वरून जावा लागतो, तो कधी गेला नाही. त्यांना त्याची रुखरुख होती आणि ती त्यांनी लपवली नाही. रुखरुख असण्यात काही कमीपणा आहे असे मलाही वाटत नाही. पदक हवेच. जास्त हवीत, तालुक्यापर्यंत पोचणारी हवीत, आणि त्यांच्या प्रस्तावात हजेरीपटाच्या जोडीला ग्रामसभेची साक्ष चालावी. कुणी कधी दोर धरला, कुणी ढिगाऱ्याला कान लावला, हे गावाला माहीत असते. ते सांगू शकणारी माणसे किल्लारी आणि तसेच कोसळलेल्या सास्तूरच्या परिसरात अजून आहेत. तेव्हा विशीत असलेले आज पन्नाशी-साठीत आहेत. त्यांची नावे विचारून लिहून घ्यायला कुठल्याही शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.