मृत्तिका, कार्बनी

कार्बनी मृत्तिका : मृद्-खनिजांच्या थरांमधील सोडियम, कॅल्शियम इ. धातूंच्या धन आयनांच्या (विद्युत् भारित अणूंच्या) जागी कार्बनी धन आयन बसवून तयार केलेली मृत्तिका. नैसर्गिक मृत्तिका पाणी आकर्षून घेते. कार्बनी मृत्तिका बेंझीन, टोल्यूइन यांसारख्या पाण्यात अल्प प्रमाणात विरघळणाऱ्या संयुगांचे अधिशोषण करते (ती धरून ठेवते) व काही संयुगे एकमेकांपासून अलगही करते.

प्रादेशिक पार्श्वभूमी : चंद्रपूर व गडचिरोली हे १९८२ पर्यंत एकच जिल्हा होते. पश्चिमेस वरोड्याकडील भागात बेसाल्टापासून बनलेली काळी मृदा आढळते. शेतकरी तिच्या प्रकारांना काळी, कन्हार, मोरंड अशी नावे देतात. पूर्वेस वैनगंगेपलीकडील जंगलपट्टीत प्राचीन पट्टिताश्मावर तांबड्या व पिवळसर मृदा आहेत. काळ्या मृदेत मॉंटमोरिलोनाइट गटातील खनिजे प्रमुख असतात, तर तांबड्या मृदांत सामान्यतः केओलिनाइट अधिक असते. मॉंटमोरिलोनाइटाची आयन-विनिमय क्षमता १०० ग्रॅ.मागे सु. ८० ते १५० मिलिसममूल्ये, तर केओलिनाइटाची ३ ते १५ असते. कार्बनी मृत्तिका बनविण्यास पहिले खनिज सोयीचे ठरते, त्याचे हेच कारण होय.

इतिहास : मृदा अमोनिया धरून ठेवते व त्याबदली कॅल्शियम सोडते, हे एच्. एस्. टॉम्प्सन आणि जे. टी. वे यांनी इंग्लंडमध्ये १८५० च्या सुमारास दाखविले. १९३३ मध्ये होफमान, एंडेल व व्हिल्म यांनी मॉंटमोरिलोनाइटाचे थर पाण्याने एकमेकांपासून दूर सरतात, हे स्पष्ट केले. लगेच १९३४ मध्ये सी. आर्. स्मिथ यांनी कार्बनी क्षारक याच विनिमयाने बेंटोनाइटात शिरतात, असे दाखविले. १९४९ मध्ये जे. डब्ल्यू. जॉर्डन यांनी लांब कार्बन-साखळीच्या अमाइनांनी संस्कारित केलेले बेंटोनाइट कार्बनी द्रवांत फुगते, हे सिद्ध केले. रंग व वंगणे घट्ट करण्यासाठी अशा मृत्तिका वापरात आल्या.

मृत्तिकेचा चाळणीसारखा उपयोग त्यानंतर पुढे आला. आर्. एम्. बॅरर व डी. एम्. मॅक्लाउड यांनी १९५५ मध्ये टेट्रामिथिल अमोनियम आयन थरांमध्ये खांबांप्रमाणे उभे राहतात व त्यांमधील पोकळीत लहान रेणू शिरतात, हे दाखविले. १९५७ मध्ये डी. व्हाइट यांनी कार्बनी मॉंटमोरिलोनाइट वायु-वर्णलेखनात वापरले. मेटा व पॅरा झायलिनांचे उकळबिंदू अनुक्रमे १३९·१° व १३८·४° से. असल्याने ऊर्ध्वपातनाने ती अलग करणे अवघड असते. अशा मृत्तिकेच्या स्तंभातून मात्र ती वेगळी होतात, कारण येथे उकळबिंदूपेक्षा रेणूचा आकार महत्त्वाचा ठरतो. आयनात १६ किंवा १८ कार्बन अणूंची साखळी असल्यास क्रिया निराळी असते : थरांमध्ये तेलासारखे माध्यम तयार होते आणि संयुगे त्यात विरघळल्याप्रमाणे सामावतात.

भारतातील काळ्या मृदेच्या रंगाचा अभ्यास एस्. सिंग यांनी १९५४ मध्ये प्रसिद्ध केला व तो रंग मृत्तिका आणि ह्यूमस यांच्या जटिलामुळे येतो, असे प्रतिपादिले. म्हणजे मृत्तिका व कार्बनी द्रव्य यांचा संयोग निसर्गतःही घडतो. तथापि या मृदेत कार्बनी कार्बन बहुधा १ टक्क्याहून कमी असतो.

महत्त्व : कागद, कोळसा व वीज हे उद्योग असलेले चंद्रपूर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या निर्देशांकात ८३·८८ गुणांसह अतिप्रदूषित क्षेत्रांत गणले गेले. चिकण काळी मृदा सर्व दूषिते अडविते, ही समजूत अपुरी आहे. पॅराक्वाटासारखे धनभारित तणनाशक ती घट्ट धरते; परंतु बेंझिनासारख्या भाररहित संयुगांऐवजी ओली मृत्तिका पाण्यालाच धरून राहते, त्यामुळे ती संयुगे खालच्या भूजलाकडे झिरपू शकतात. १९८८ मध्ये एस्. ए. बॉइड व त्यांच्या अमेरिकी सहकाऱ्यांनी संस्कारित मृदा अशा संयुगांचे वहन रोखू शकते, हे दाखविले. मात्र यासाठी वापरण्यात येणारी चतुर्थक अमोनियम संयुगे महाग असून मृदेतील सूक्ष्मजीवांना मारकही ठरतात. त्यामुळे शेतजमिनीवर त्यांचा सरसकट वापर इष्ट नाही. कचराकुंडाचे अस्तर व सांडपाण्याचे गाळणे यांतच त्यांना वाव आहे. विहिरींच्या रक्षणाचा मुख्य मार्ग दूषिते उगमापाशी अडविणे हाच राहतो.