पिकअपला दुसऱ्या गाडीची चाकं बसतात का? पीसीडी म्हणजे काय?

छत्रपती संभाजीनगरच्या शेंद्रा एमआयडीसीत जुळणी होणाऱ्या स्कोडा कोडियाकच्या चाकांचा पीसीडी ५×११२ आहे, तर टोयोटा हायलक्स आणि इसुझू व्ही-क्रॉस या पिकअपचा ६×१३९.७. त्यामुळे कोडियाकचं अलॉय व्हील या पिकअपना थेट बसत नाही.

आकड्यांचा अर्थ काय?
पहिला आकडा म्हणजे बोल्टची संख्या. दुसरा म्हणजे सर्व बोल्टच्या मध्यातून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास, मिलिमीटरमध्ये.

कसा मोजायचा?
सहा बोल्ट असतील तर समोरासमोरच्या दोन बोल्टच्या मध्यांमधलं अंतर मोजा. पाच असतील तर शेजारच्या दोन बोल्टमधलं अंतर मोजून त्याला १.७०१ ने गुणा.

बदलता येतो का?
मार्ग दोन. हब बदलला तर ब्रेक डिस्कही जुळवावी लागते. अ‍ॅडॉप्टर स्वस्त पडतो, पण ३० मिमी जाडीचा अ‍ॅडॉप्टर चाक तेवढंच बाहेर ढकलतो. माल भरल्यावर बेअरिंगवरचा ताण वाढतो.

धोका कुठे?
५×११४.३ च्या हबवर ५×११२ चं चाक ओढूनताणून बसवण्यात. फरक फक्त २.३ मिमी. नट आवळले जातात, पण नीट टेकत नाहीत. पुढे ते ढिले होऊन धावत्या गाडीचं चाक निखळू शकतं.

कायदा काय सांगतो?
मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या नोंदी कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असा बदल करता येत नाही. त्यामुळे मूळ पीसीडीचंच चाक घेणं सर्वात सुरक्षित.