पोराला खुराक काय?

मार्गशीर्षात लोहा तालुक्यातील माळेगावी खंडोबाची यात्रा भरली की नांदेड-लातूरकडचा सारा मुलूख तिकडे लोटतो. घोडे, गाढवे, उंट यांचा बाजार हे तिचे मोठे आकर्षण खरे. पण जाणत्यांची पावले वळतात ती कुस्त्यांच्या फडाकडे. नवा मल्ल दिसला की म्हातारी मंडळी त्याला डाव विचारीत नाहीत. "पोराला खुराक काय?" एवढेच विचारतात.

या प्रश्नामागे इतिहास आहे. कोल्हापूरच्या पैलवानांना शाहू महाराजांसारखा पाठीराखा लाभला. तालमी नांदल्या, १९१२ साली खासबागेचे मैदान तयार झाले. निजामाच्या राज्यात १९४८ पर्यंत राहिलेल्या आमच्या मराठवाड्याच्या नशिबी हे नव्हते. दूध, तूप, बदामाची थंडाई यांचा भार मल्लाच्या बापानेच उचलावयाचा! निलंगा तालुक्यातील हरिश्चंद्र बिराजदार हे या मातीतले मोठे मल्ल. पण तालमीसाठी त्यांनाही कोल्हापूर गाठावे लागले. १९६९ साली ते महाराष्ट्र केसरी झाले, आणि १९७० साली एडिंबराच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक पटकावले.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १९७२ साली, महाराष्ट्रात दुष्काळ पडला. पुढच्या उन्हाळ्यात राज्यातील दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसे राबत होती. रणरणत्या उन्हात खडी फोडणे ही काय जोर-बैठकांहून हलकी मेहनत? त्यांचा खुराक म्हणजे सुकडी आणि परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी. मिलोचे नाव काढले की ज्यांनी ती खाल्ली ती माणसे आजही तोंड वाकडे करतात.

एरवीचे आमचे जेवण मात्र हिणविण्याजोगे नव्हे. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन नावाचे द्रव्य कमी असते. तुरीच्या वरणाने ते भरून निघते. ज्वारीतले लोह शरीराला सहजी लागत नाही. पण पीठ आंबवून केलेल्या आंबिलीत ते अधिक लागू पडते, आणि पानावर लिंबाची फोड असली तर आणखीच. उलट जेवणावर लगेच चहा ढोसला की लोह वाया जाते. हा चहा आमच्याकडे कोणी सोडील असे मला वाटत नाही!

खरी गोम निराळीच आहे. दारात म्हैस एक. तिचे दूध तालमीतल्या लेकाला, ताक लेकीला, आणि आईच्या वाट्याला जे उरेल ते. पांडुरोगाने फिकट पडलेल्या बायकांना "खुराक काय?" असे कोणी विचारले नाही. आता १९२३ नव्हे, २०२३ साली सांगलीत महिलांची महाराष्ट्र केसरी झाली आणि प्रतीक्षा बागडीने पहिली गदा जिंकली, तेव्हा लेकीच्या दुधाचाही विचार घरोघर करावा लागेलच.

परभणीच्या कृषी विद्यापीठाने हैदराबादजवळच्या 'इक्रिसॅट'च्या साह्याने 'परभणी शक्ती' ही लोह व जस्त अधिक असलेली ज्वारी २०१८ साली शेतकऱ्यांच्या हाती दिली. पण लातूरकडे खरिपाची शिवारे सोयाबीनने केव्हाच व्यापली आहेत. बाजारात पैसा त्याला मिळतो, शेतकऱ्याला दोष कसा द्यावा? रब्बीची ज्वारी तेवढी तग धरून आहे. दिवाळीचा फराळ संपला, थंडी पडली की हुरड्याची आमंत्रणे अजून येतात.