पट आणि वाट : कुंभकोणमच्या शाळा-इतिहासातील शिस्त, समावेशन आणि सुरक्षा

१

विद्यार्थ्यांची वर्तणूक, विशेष गरजा असलेल्या मुलांचे समावेशन आणि शिक्षकांची सुरक्षितता हे तीन प्रश्न आज बहुधा तराजूच्या भाषेत मांडले जातात. एक पारडे खाली गेले की दुसरे वर जाणार, असे त्यात गृहीत असते. छडी काढून घेतली तर शिक्षक असहाय होतो. वेगळ्या गरजेच्या मुलाला वर्गात घेतले तर इतरांचा अभ्यास मागे पडतो. आणि सर्वांच्या सुरक्षिततेसाठी दार बंद केले तर काही मुले बाहेर राहतात. ही मांडणी अनुभवातून आलेली आहे. त्यामुळे तिला सरसकट खोटी म्हणता येणार नाही. मात्र तराजूची उपमा स्वीकारण्यापूर्वी ती कोणत्या परिस्थितीत खरी ठरते, हे तपासणे इतिहासाच्या अभ्यासकाचे काम आहे.

प्रस्तुत निबंधात या तपासणीसाठी कावेरीकाठचे कुंभकोणम हे एकच गाव घेतले आहे. निवडीची कारणे दोन. तंजावरच्या भोसले राज्यात असलेल्या या गावात मराठी भाषक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदली; त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ साली येथलाच. दुसरे कारण वेदनादायक आहे. १६ जुलै २००४ रोजी येथील काशिरामन रस्त्यावरच्या एका शाळेत आग लागून ९४ मुले मृत्युमुखी पडली. मराठी वाचकाच्या स्मरणात कुंभकोणम हे नाव त्या दिवसापासून दुहेरी झाले.

राजाचे पत्र, आत्मचरित्र, चरित्र आणि न्यायालयीन अभिलेख अशा चार प्रकारचे लेखन येथे शेजारी ठेवून वाचले आहे. प्रत्येकाला प्रश्न एकच विचारला आहे : या लेखनात मुले मोजली कशी जातात?

२

१७९९ च्या तहाने सरफोजी दुसरे यांच्या हाती तंजावरचा किल्ला आणि मानमरातब एवढेच उरले. राज्यकारभार कंपनीकडे गेला. त्यानंतर जानेवारी १८०१ मध्ये त्यांनी रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यांना एक दीर्घ पत्र पाठवले. वाडवडिलांनी घातलेल्या छत्रांची उत्पन्ने कंपनीने तोडू नयेत, अशी विनंती त्यात आहे. छत्र म्हणजे यात्रेकरूंची धर्मशाळा एवढाच अर्थ आपण लावतो. पत्रातील वर्णन त्याहून व्यापक आहे. तेथे अन्नदान आहे, वैद्य आहेत, वेद शिकवणारे आहेत आणि शाळामास्तरही आहेत. छत्रात आलेल्या परक्यांची मुले पोरकी झाली तर ती या मास्तरांच्या स्वाधीन होत. त्यांना तीन वेळा जेवण, औषध आणि कपडे मिळत, ठरावीक दिवसांनी तेल लावून न्हाऊ घातले जाई. आणि ज्या विद्येची त्यांना आवड असेल ती शिकवली जाई.

हे पत्र विनंतीपत्र आहे, हे विसरून चालणार नाही. उत्पन्न वाचवण्यासाठी लिहिणारा राजा आपल्या संस्थेचे उजळ चित्रच रंगवणार. छत्रांच्या शाळांत प्रत्यक्षात काय चालत असे, याचा पुरावा म्हणून ते एकटे पुरेसे नाही. तरीही चांगली संस्था कशी असावी याची त्या काळची कल्पना त्यात निःसंशय दिसते. त्या कल्पनेत शाळा, स्वयंपाकघर आणि दवाखाना एकाच आवारात आहेत. मूल मास्तराच्या हवाली होते, पण एकट्या मास्तराच्या नव्हे. त्याच्यामागे आचारी आणि वैद्य उभे आहेत. मूल कोणते, त्याची प्रकृती कशी आणि ओढ कशाकडे, हे पाहणारी माणसे तेथे गृहीत धरली आहेत. आज ज्याला आधारसेवा म्हणतात, तिचा खर्च या पत्रात दानधर्माच्या खात्यावर पडला आहे.

३

छत्रांबाहेरच्या गावशाळेत हा आधार नव्हता. तमिळ गावातील पारंपरिक शाळा घराच्या तिण्णैवर, म्हणजे ओसरीच्या ओट्यावर भरे. कुंभकोणम येथील सरकारी महाविद्यालयात १८८० ते १९०३ या काळात तमिळ शिकवणारे उ. वे. सामिनाथ अय्यर यांनी ‘एन् चरित्तिरम्’ या आत्मचरित्रात अशा ओसरीशाळेच्या आठवणी लिहिल्या आहेत. मराठी वाचकाला हे जग अनोळखी वाटणार नाही. अंगठे धरून उभे करणे, ओणवे करणे, घोडी देणे हा पंतोजीच्या शाळेतील शिक्षांचा साठा एकोणिसाव्या शतकातील मराठी लेखनात वारंवार भेटतो. न मारलेला बैल वळत नाही, अशा अर्थाची म्हण तमिळमध्ये आहे. छडी आणि विद्या यांची सांगड मराठीनेही घातली आहे. दोन्ही भाषांतील आठवणींचा सूर पुष्कळदा भीती आणि कृतज्ञता यांच्या मिश्रणाचा असतो. छडीला टिकलेल्या मुलांनी ती आत्मचरित्रे लिहिली. जी मुले छडीमुळे शाळेतून गेली त्यांची आत्मचरित्रे आपल्यापाशी नाहीत. तुलनाकाराने हे मौनही हिशेबात धरायला हवे.

छडी एवढी का लागे, याचे एक उत्तर ओसरीच्या रचनेत आहे. एक पंतोजी आणि निरनिराळ्या वयांची, निरनिराळ्या पायरीवरची मुले. अशा वेळी थोरल्या विद्यार्थ्याने धाकट्यांचे पाढे म्हणवून घ्यायचे ही सोय होती. मद्रासजवळ एग्मोर येथील अनाथ मुलग्यांच्या आश्रमाचे अधीक्षक अँड्र्यू बेल यांनी मलबारी मुलांच्या शाळेत वाळूवर अक्षरे गिरवणारी मुले पाहिली आणि मुलांनीच मुलांना शिकवण्याची पद्धत बांधली. १७९७ मध्ये लंडनला प्रसिद्ध केलेल्या अहवालाद्वारे ही ‘मद्रास पद्धत’ इंग्लंडात गेली. बेल यांचा दावा दुहेरी होता : शिक्षक कमी लागतात आणि मारही कमी लागतो. माराच्या जागी गुन्ह्यांची नोंदवही आली.

बेल यांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. मात्र या प्रयोगातून एक कल्पना जगभर पसरली, ती अशी : व्यवस्था नेटकी असेल तर माणसे थोडी पुरतात. शाळेच्या पुढच्या दोनशे वर्षांच्या इतिहासावर या कल्पनेची सावली आहे.

४

तीच सावली कुंभकोणमच्या टाउन हायस्कूलमध्ये एका वेगळ्याच रूपाने दिसते. श्रीनिवास रामानुजन १८९८ ते १९०४ या काळात तेथे शिकत होते. त्यांचे चरित्रकार रॉबर्ट कॅनिगेल यांनी नोंदवले आहे की, सुमारे १२०० विद्यार्थी आणि ३५ च्या आसपास शिक्षक यांची जुळणी करण्याचे वेळापत्रकाचे किचकट काम गणिताच्या ज्येष्ठ शिक्षकांनी या मुलावर सोपवले होते. सरासरी काढली तर एका शिक्षकामागे ३४ मुले येतात. १९०४ साली मुख्याध्यापकांनी त्यांना गणिताचे पारितोषिक देऊन गौरवले. शाळेने या मुलाचा कल ओळखला होता आणि त्याला वावही दिला होता.

त्याच वर्षी ते गावातील सरकारी महाविद्यालयात गेले. ‘दक्षिणेचे केंब्रिज’ म्हणून नावाजलेली ही संस्था. गणिताखेरीज इतर विषयांकडे त्यांचे लक्ष राहिले नाही, इंग्रजीत ते अनुत्तीर्ण झाले आणि शिष्यवृत्ती गेली. १९०५ मध्ये ते घर सोडून विशाखापट्टणमकडे निघून गेले. याआधी, लहानपणी मद्रासला असताना शाळेत जाण्यास नकार देणाऱ्या या मुलाला वर्गात बसवण्यासाठी घरच्यांनी ओळखीच्या शिपायाचा धाक वापरला होता.

आजची निदाने मागे नेऊन रामानुजनना चिकटवण्याचा मोह टाळला पाहिजे. त्यांच्या बाबतीत सांगता येण्याजोगे सत्य साधे आहे. त्यांची गरज वेगळी होती. एका संस्थेत ती पाहणारी माणसे होती. दुसऱ्या संस्थेत नियम होता आणि नियमाप्रमाणे शिष्यवृत्ती काढून घेणे अगदी न्याय्य होते. बाराशे मुलांना शिक्षकांशी जुळवून देणाऱ्या मुलासाठी पुढच्या वेळापत्रकात जागा सापडली नाही. त्याची प्रतिभा पुढे जगाला कळली म्हणून ही हकीकत आपल्याला माहीत आहे. प्रतिभा नसलेल्या, पण गरज तितकीच वेगळी असलेल्या मुलाचे चरित्र कोणी लिहीत नाही.

५

आता २००४ कडे वळायचे. काशिरामन रस्त्यावरच्या त्या एका इमारतीत एकाच व्यवस्थापनाच्या तीन शाळा भरत होत्या. वरच्या मजल्यावरील वर्गांना झावळ्यांचे छप्पर होते; जिना अरुंद होता. शुक्रवारी सकाळी मध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरातील आग छपराला लागली, ती पसरली आणि जळते छप्पर मुलांवर कोसळले. ९४ मुले गेली, १८ जखमी झाली. मृतांत शिक्षक एकही नव्हता.

अभियोग पक्षाच्या मांडणीतील एक तपशील या निबंधाच्या दृष्टीने मध्यवर्ती आहे. अनुदानित शाळेत शिक्षकांच्या संख्येला साजेशी मुले आहेत हे तपासणीत दिसावे, म्हणून दुसऱ्या विभागातील मुलेही वरच्या मजल्यावर आणून बसवली होती, असे त्यात म्हटले होते. मराठीत शाळेच्या नोंदणीला आपण ‘पट’ म्हणतो. त्या दिवशी पट भरलेला होता. वाट मात्र एकच होती. विद्यार्थी-शिक्षक प्रमाण हा मुलांच्या हिताचा नियम. तो कागदावर पाळण्यासाठी मुलांनाच धोक्याच्या जागी गोळा करण्यात आले. सरफोजींच्या पत्रात शाळेला जोडलेले स्वयंपाकघर हे आश्रयाचे लक्षण होते. येथे त्याच जोडणीतून मृत्यू आला, कारण चूल आणि छप्पर यांच्यामधले अंतर पाहणारे कोणी नव्हते.

३० जुलै २०१४ रोजी तंजावरच्या न्यायालयाने दहा जणांना दोषी ठरवले आणि अकरा जणांना मुक्त केले. २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने त्यांतील काहींना निर्दोष सोडले आणि काहींच्या शिक्षा कमी केल्या. मुले मागे राहिली आणि शिक्षक वाचले, याबद्दलचा लोकक्षोभ मोठा होता. तो समजण्यासारखा आहे. परंतु ज्या माणसांना आग विझवण्याचे वा मुले बाहेर काढण्याचे शिक्षण कधी मिळाले नव्हते, त्यांच्या शौर्यावर संस्थेने आपली सुरक्षा सोपवावी काय, हा प्रश्न क्षोभाने सुटत नाही. शिक्षकाची सुरक्षा आणि मुलाची सुरक्षा त्या जिन्यावर एकमेकींच्या विरोधात उभी राहिली, ती जिना अरुंद होता म्हणून.

या दुर्घटनेनंतर दाखल झालेल्या अविनाश मेहरोत्रा विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात १३ एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग आहे, असे स्पष्ट केले. अग्निशामक साधनांबरोबरच ती वापरण्याचे शिक्षण शिक्षकांना आणि कर्मचाऱ्यांना द्यावे, असेही बजावले.

६

त्याच वर्षी आलेल्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना बंदी केली. २०१२ च्या दुरुस्तीने अपंग मुले त्या कायद्याच्या कक्षेत स्पष्टपणे आली आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारची अपंगत्वे मान्य करून शाळांवर समावेशनाचे दायित्व टाकले. या यादीत आम्लहल्ल्याचे बळी आहेत. आगीत भाजलेल्यांचा वेगळा उल्लेख नाही. कुंभकोणमच्या आगीतून वाचलेली मुले भाजल्याच्या खुणा घेऊन पुन्हा वर्गात बसली, त्या क्षणी तीही वेगळ्या गरजेची मुले झाली होती. सुरक्षेतील चूक समावेशनाचा प्रश्न निर्माण करते, हे याहून स्पष्टपणे दिसणार नाही.

शिक्षकांची तक्रार या टप्प्यावर ऐकून घेतली पाहिजे. ९ फेब्रुवारी २०१२ रोजी चेन्नईतील एका शाळेत नववीतल्या विद्यार्थ्याने वर्गातच आपल्या शिक्षिकेची हत्या केली. त्यानंतर छडी गेली आणि धाक गेला, हा सूर बळावला. पण छडी होती तेव्हा तरी ती कोणाच्या पाठीवर पडत असे? जे मूल ऐकू शकत नाही, स्थिर बसू शकत नाही किंवा फळ्यावरची अक्षरे ज्याच्यासाठी उलटसुलट होतात, त्याच्या पाठीवर ती अधिक पडणार, हे सांगायला आकडेवारी नको. तक्रारीतील खरा भाग निराळा आहे. कायद्याने शिक्षकाच्या हातातील जुने साधन काढून घेतले आणि नव्या कामासाठी लागणारे दुसरे हात दिले नाहीत.

महाराष्ट्राला हा रोग परका नाही. ऑक्टोबर २०११ मधील राज्यव्यापी पटपडताळणीत कागदावरची आणि बाकावरची मुले यांतील तफावत उघड झाली. कुंभकोणमला मुले गोळा करून पट भरला गेला. येथे मुलांवाचूनच भरला गेला. दोन्हीकडे मूल हा अनुदानाचा आधार होता.

सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये रजनीश कुमार पांडे प्रकरणात सामान्य शाळांसाठी प्राथमिक स्तरावर विशेष गरजांच्या दर दहा मुलांमागे आणि त्यापुढील स्तरावर दर पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण तात्पुरते ठरवून दिले. मार्च २०२५ मध्ये त्याच प्रकरणात पदे निश्चित करण्याचे आदेश राज्यांना पुन्हा द्यावे लागले. म्हणजे न्यायालयही शेवटी माणसे किती, या साध्या प्रश्नाशी येऊन थांबले.

७

चारही प्रकारचे लेखन एकत्र वाचल्यावर तराजूच्या उपमेबद्दल एवढे म्हणता येते : ज्या शाळेत माणसे थोडी, जागा अपुरी आणि वाट एकच, तेथे तराजू खरा असतो. तेथे एकाला सांभाळताना दुसरा सुटतोच. शिक्षक छडी उचलतो, वेगळे मूल बाहेर ठेवले जाते आणि आग लागली तर ज्याचे पाय लांब तो आधी उतरतो. या तिन्ही गोष्टींचे मूळ एकच असल्यामुळे त्यांचा उपायही वेगवेगळा शोधून सापडत नाही. वर्गात दुसरे प्रौढ माणूस असेल तर एकाला अस्वस्थ मुलाजवळ बसता येते, दुसऱ्याला शिकवता येते, आणि धूर दिसला तर दोघांना मिळून वर्ग रिकामा करता येतो. त्या वेळी तीन प्रश्न एकमेकांशी भांडत नाहीत.

हे खर्चाचे काम आहे. सरफोजींनी टॉरिनना पत्र लिहिले तेव्हा छत्राचा खर्च कोण चालवणार हाच वाद होता, आणि तो अद्याप मिटलेला नाही. पटावरचा प्रत्येक आकडा पायांनी चालत खाली उतरू शकेल काय, आणि ज्याला चालता येत नाही त्याला उचलून नेणारे कोण, या प्रश्नाला प्रत्येक शाळेच्या दप्तरात लेखी उत्तर असायला हवे. काशिरामन रस्त्यावरच्या इमारतीत ते उत्तर कोणी लिहून ठेवले नव्हते.