साथ, शिधा आणि शिधापत्रिका

१९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत मुंबई इलाख्यात पावसानेही दगा दिला होता. धान्यच कमी, म्हणून उपासमार, हे आपल्याला सहज पटते. पण २०२० साली सरकारी गोदामे भरलेली होती. तरीही २५ मार्चला टाळेबंदी लागली आणि पुण्याच्या बुधवार पेठेत देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या चुली थंडावल्या. रोजची मिळकतच थांबली. अनेकींजवळ शिधापत्रिका नव्हती. पत्त्याचा पुरावा आणायचा कोठून? म्हणजे तुटवडा धान्याचा नव्हता, ते मिळवण्याच्या हक्काचा होता. अमर्त्य सेन यांनी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाबाबत हेच दाखवले होते. ओळखपत्राचा आग्रह न धरता या स्त्रियांना शिधा द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, तेव्हा सप्टेंबर संपत आला होता.